संदर्भांचं बायबल: सगळं आहे, २ राजे १८:१४ तेवढं नाही

समासात त्याच विषयाच्या इतर वचनांचे पत्ते छापलेलं हे बायबल पावसाळ्याआधी बाराशे रुपयांना घेतलं. दिवाळीच्या आत शिवण सुटली, तीही नेमकी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात. दुकानदार म्हणाला, मुदत संपली. बाइंडरने सत्तर रुपये घेतले. कागद-अक्षर तुम्ही दुकानात बघालच, मी समासातल्या संदर्भांबद्दल बोलतो.

यशया ३६-३७ काढा. अश्शूरचा राजा सन्हेरीब याची फौज यरुशलेमेवर येते, त्याचा अधिकारी रब-शाके तटाखालून धमकावतो, मग धमकीचं पत्र येतं, यहूदाचा राजा हिज्कीया ते मंदिरात परमेश्वरापुढे पसरतो आणि एका रात्रीत अश्शूरच्या छावणीत १,८५,००० मरतात. समासात २ राजे १९ आहे, २ इतिहास ३२ आहे. २ राजे १८:१४ नाही! तिथे हाच हिज्कीया आधी 'चुकलो' म्हणून ३०० किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं भरतो, त्यापायी मंदिराच्या दारांचा सोन्याचा पत्रासुद्धा काढून देतो. यशयात हे येतच नाही, मग समासानेच सांगायला नको? खंडणी घेऊनही शत्रू दारात आला, राजाकडे द्यायला काही उरलं नाही, तेव्हा देव उभा राहिला. खंडणी गाळली की सुटका फुकटची वाटते.

बरं, ती काही लपलेली गोष्ट नाही. इ.स.पू. ७०१ च्या या स्वारीचा सन्हेरीबाचा स्वतःचा लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात सोनं तेवढंच, ३०. चांदी मात्र ८००. तटबंदीची ४६ नगरं घेतल्याची बढाई आहे, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडल्याचं आहे. यरुशलेम घेतल्याचं नाही.

नकाशाने तर डोकंच फिरवलं. यहेज्केल ३८ मध्ये इस्राएलावर चालून येणारा गोग, मेशेख आणि तुबालचा अधिपती, त्याचा बाण थेट मॉस्कोतून! अहो, हेच मेशेख आणि तुबाल त्याच पुस्तकात २७:१३ मध्ये सोर या बंदराच्या बाजारात माणसं आणि पितळी भांडी विकतायत. ते आजच्या तुर्कस्तानाकडचे. बातम्या बघून नकाशे काढू नयेत.

दोनच तारे देणार होतो. मग मागची समांतर वचनांची सूची वापरायला लागलो आणि मत बदललं. योएल ३:१० मध्ये फाळांच्या तलवारी, त्यासमोर यशया २:४ मध्ये तलवारींचे फाळ. ओबद्यासमोर यिर्मया ४९, दोन्हीकडे अदोमाला इशारा. आणि हिज्कीयाच्या सुटकेसमोर यिर्मया ७: मंदिर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, शिलोचं, म्हणजे देवाच्या आधीच्या पवित्र स्थानाचं, काय झालं ते जाऊन बघा. सुटकेनंतर सव्वाशे वर्षंही झाली नाहीत, तीच नगरी बाबेलने जाळली. ही दोन वचनं शेजारी बसवणाऱ्याला मानलं.

चार तारे. जुन्या बाजारात मिळालं तर तिथूनच घ्या. नकाशांची पानं फाटलेली असली तर भावही पाडता येईल.