बायोस आणि हार्डडिस्कचे पासवर्ड: काही महिने वापरून झाल्यावर

सेकंडहँड थिंकपॅड टी४८० घेतला तो रिटर्न भरण्याच्या कामासाठी. लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, फॉर्म १६ असं सगळं त्यातच. नुसत्या विंडोजच्या पासवर्डावर माझा भरवसा नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी) नसेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटूसारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू केली की सगळ्या फायली समोर हजर.

चालू करताना एफ१ दाबलं की बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रामचा, सेटअप उघडतो. त्यात सिक्युरिटीखाली तीन पासवर्ड आहेत. पॉवर-ऑन पासवर्ड मशीन सुरू होऊ देत नाही, सुपरवायझर पासवर्ड सेटिंगला हात लावू देत नाही आणि हार्डडिस्कचा पासवर्ड थेट डिस्कमध्येच जाऊन बसतो. मला विचाराल तर खरा कामाचा हा तिसराच. पॉवर-ऑनने मशीन अडलं तरी स्क्रू काढून डिस्क दुसरीकडे जोडायला कोण अडवणार? जुन्या डेस्कटॉपात तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढला की बऱ्याचदा पासवर्डही गेला.

तिसऱ्याची परीक्षा घेऊनच पाहिली. लॅपटॉपमधली डिस्क, म्हणजे एसएसडी, काढली, यूएसबी केसमध्ये घालून भावाच्या कॉम्प्युटरला लावली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसली, पण पार्टिशन एकही नाही. वर ‘इनिशियलाइज करा’ म्हणून विचारणा, आणि करायला गेलं की एरर. मॉडेल, सीरियल नंबर सांगते, आतलं अक्षर वाचू देत नाही, पुसूही देत नाही. पाच वेळा पासवर्ड चुकला की वीज बंद करून पुन्हा दिल्याशिवाय ती पुढचा प्रयत्नच घेत नाही, त्यामुळे प्रोग्राम लावून पासवर्ड शोधणंही सोपं नाही.

रोजचा त्रास म्हणाल तर टाइप करण्याचा फारसा नाही. पॉवर-ऑनचा आणि डिस्कचा पासवर्ड एकच ठेवलाय, त्यामुळे माझ्या मशीनवर एकदाच विचारतो. गोची आहे ती स्लीपची. झाकण मिटवून उघडलं तर डिस्कचा पासवर्ड विचारलाच जात नाही, म्हणजे बॅगेतला स्लीपमधला लॅपटॉप उघडाच समजा. म्हणून झाकण मिटलं की हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद, असं सेटिंग करून टाकलं. उठायला थोडा जास्त वेळ घेतो, एसएसडीवर तेवढं चालतं. दुसरी कटकट अपडेटची. रात्री रीस्टार्ट झालं की मशीन पासवर्डापाशी थांबून राहतं आणि उरलेलं अपडेट सकाळी ऐन कामाच्या वेळी चालतं. रीस्टार्टला पासवर्ड विचारू नको, असा पर्याय सेटअपमध्ये आहे. मी तो घेतलेला नाही.

मध्यंतरी बिजागरी ढिली झाली. दुकानदार म्हणाला, “पासवर्ड लिहून द्या, चेक करायला लागेल.” एसएसडी काढून घेतली, पॉवर-ऑन पासवर्ड तेवढ्यापुरता उडवला आणि मशीन त्याच्या हवाली केलं. बिजागरी बसवायला माझ्या ग्राहकांचे फॉर्म १६ कशाला लागतात?

विसरलात तर मात्र खैर नाही. सुपरवायझर पासवर्ड गेला की कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणं हाच, आणि हार्डडिस्कचा गेला की डिस्क बदलणं. खरेदीचं बिल दाखवलं म्हणून आतला डेटा परत मिळत नाही. डिस्कला रोजच्या यूजर पासवर्डाबरोबर दुसरा मास्टर पासवर्डही ठेवता येतो. माझा कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

एवढं असूनही वरून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचीच डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय, चालू ठेवलंय. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी क्रुशल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी पासवर्डाशिवाय उघडून दाखवल्या होत्या. डेटा एन्क्रिप्ट होत होता, पण काहींमध्ये त्याची किल्ली पासवर्डाशी बांधलेलीच नव्हती. त्या वेळी बिटलॉकरही अशा डिस्कवर तिच्याच एन्क्रिप्शनवर विसंबायचं. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बदलून सॉफ्टवेअरवर आणलं.

बॅकअपची बाहेरची डिस्क या कुलपात येत नाही. तिला बिटलॉकर वेगळं लावलं. त्यासाठी विंडोज प्रो लागते, होममध्ये ती सोय नाही, तेव्हा सेकंडहँड मशीन घेताना आत कुठली विंडोज आहे ते आधी बघून घ्या.