ललितपूरच्या बालगृहात सहा आठवडे : स्वयंसेवक पाठवणाऱ्या एका सेवेबद्दल

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर २०२५ असे सहा आठवडे मी नेपाळमधील, काठमांडूला लागून असलेल्या ललितपूर येथील एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहिले. ही व्यवस्था एका खाजगी संस्थेमार्फत झाली होती आणि प्रवासखर्च वगळून तिला मी अडतीस हजार रुपये भरले होते. अमळनेर-धुळ्याकडील माझ्या काही निवृत्त सहकारी भगिनी त्याच सेवेतून जाण्याचा विचार करत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची, म्हणजे पैसे भरणाऱ्यांची, सोय उत्तम होती. भुसावळहून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सोनौलीच्या सीमेवरून बसने पोहोचल्यावर माणूस घ्यायला आला होता, खोली स्वच्छ होती आणि दोन्ही वेळचे डाळ-भात-तरकारी वेळेवर मिळत होते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार याच्या आधीच्या टप्प्यापासून सुरू होते. संस्थेने माझ्याकडून छायाचित्र, पारपत्राची प्रत आणि पैसे एवढेच घेतले. चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला नाही की पूर्वीच्या शाळेत चौकशी केली नाही. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार चालणाऱ्या बालगृहात अनोळखी व्यक्तीला असे मुलांमध्ये राहू देणार नाहीत, आणि देऊही नये. इथे मात्र पहिल्याच संध्याकाळी मला बावीस मुलांच्या झोपण्याच्या दालनात नेऊन सोडले.

त्या संध्याकाळी नऊ वर्षांच्या एका मुलीने माझे नाव विचारण्याआधी विचारले, “मिस, कति दिन बस्नुहुन्छ?” म्हणजे, किती दिवस राहणार? तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात केसांच्या पिना होत्या. एकेक पीन एकेका स्वयंसेविकेने जाताना दिलेली. ती पीन उचलून नाव सांगत असे. काही पिनांची नावे ती विसरली होती. १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये रुजू झालेले साने गुरुजी तिथल्या छात्रालयात मुलांसोबत वर्षानुवर्षे राहिले. त्या गावात आयुष्य गेल्यामुळे ‘सहा आठवडे’ हा आकडा मला फार खुपला.

४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूबसह सव्वीस समाजमाध्यमांवर बंदी घातली. संस्थेची आपत्कालीन योजना म्हणजे एक व्हॉट्सॲप गट होता! बंदी आल्यावर आमच्याकडे त्यांचा साधा दूरध्वनी क्रमांकही नव्हता. ८ तारखेला तरुणांच्या निदर्शनांवर गोळीबार होऊन एकोणीस जण मरण पावले. ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, संसद भवन आणि सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळाले आणि विमानतळ बंद झाला. आम्ही राहत होतो त्या ललितपूरमधील नख्खू तुरुंगातून कैदी बाहेर पडल्याची बातमी दुपारी वस्तीत पोहोचली, तेव्हा मुलांची देखभाल करणाऱ्या दोन दिदींपैकी थोरल्या दिदीने फाटकाला आतून कुलूप लावले, बावीसही मुलांना एकाच दालनात आणले आणि रात्रभर दाराशी बसून राहिली. धाकटी दिदी सोमवारी घरी गेली होती. ती संचारबंदीमुळे परत येऊ शकत नव्हती. या दोघींच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

भारतीय दूतावासाने आपल्या नागरिकांना आहे तिथेच थांबण्यास सांगितले होते. १० तारखेला संध्याकाळी विमानतळ सुरू झाल्यावर संस्थेचा पहिला निरोप आला : स्वयंसेवकांनी सकाळी तयार राहावे, जीप येईल. तांदूळ किती शिल्लक आहे, गॅस आहे का, दिदी एकटी आहे का, यांपैकी एकही प्रश्न त्या निरोपात नव्हता. तांदूळ दोन दिवसांचा उरला होता. माझ्यासोबतचे दोघे तरुण गेले आणि त्यांच्या वयाकडे पाहता त्यात काही गैर नव्हते. ती मुलगी फाटकापाशी उभी होती. जीप वळल्यावर ती आत आली, डबा उघडला आणि त्यांनी दिलेल्या दोन पिना बाकीच्यांपासून वेगळ्या करून ठेवल्या. मी थांबले, कारण बावीस मुले आणि एक बाई हे गणित जमणारे नव्हते. संचारबंदीत सूट मिळाली त्या वेळात शेजाऱ्यांनी तांदूळ आणून दिला.

नेपाळमधील १९९६ ते २००६ च्या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईबापांना शिक्षणाचे आमिष दाखवून दलालांनी मुले काठमांडू खोऱ्यात आणली आणि त्यांना अनाथ म्हणून दाखवले, हे मला तिथे गेल्यावर समजले. अशा बालगृहांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. परदेशी पाहुणे पैसे भरून येत राहिले, की मुले घरी पाठवण्यापेक्षा ठेवून घेणेच चालकांना परवडते. आमच्या पिनांच्या डब्याची मालकीणही अनाथ नव्हती. तिची आई हुम्लामध्येच आहे.

म्हणून पाचपैकी दोन गुण, आणि तेही केवळ राहण्या-जेवण्याचे. ज्यांना जायचेच आहे त्यांनी पैसे भरण्याआधी लेखी विचारावे : मुलांचे पालक शोधण्याचे काम कोण करते, माझी पडताळणी कोण करणार, आणि शहर बंद पडले तर मुलांसाठी काय योजना आहे? तिसऱ्या प्रश्नावर ‘आमचे स्वयंसेवक सुरक्षित असतात’ एवढेच उत्तर आले, तर पैसे भरू नयेत. शिकवण्याचा अनुभव असलेल्यांनी मुलांना थेट शिकवण्याऐवजी तिथल्या दिदींना आणि शिक्षिकांना आपल्या अनुभवाचा उपयोग करून द्यावा, असे मला वाटते.

अशांततेमुळे गैरसोय झाली म्हणून संस्थेने मला एका आठवड्याचे पैसे परत देऊ केले आहेत. ते पैसे त्या मुलीच्या आईला हुम्लाहून आणण्यासाठी वापरावेत, अशी दोन पत्रे मी पाठवली आहेत. उत्तर आलेले नाही. दर शनिवारी, तिकडे तो सुट्टीचा वार असतो, मी दिदीला फोन करते आणि ती मुलगी फोनवर येऊन पहिला प्रश्न आईबद्दल विचारते.