भरताचं एक वांगं, तीन तऱ्हेचे रंग

आमच्या गल्लीतले नाना रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले. पस्तीस वर्षं पाळीची नोकरी. आता रात्र मोकळी आहे, पण डोळा लागत नाही. परवा भुसावळच्या बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "ताई, शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड होती माझी. परत रंग घ्यायचे म्हणतो, तेवढाच ताण उतरेल. पण दुकानात जलरंग, अ‍ॅक्रेलिक, ऑइल, सगळंच आहे. कोणते घेऊ?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून लिहून काढते. मी स्वतः एकावन्नाव्या वर्षी, सासूबाईंच्या आजारपणात, तीस वर्षांनी ब्रश हातात धरला. तिन्ही रंग वापरून झालेत.

तुलना करायची तर समोरची वस्तू एकच हवी. आपलं भरताचं वांगं घेऊ. अंग फिकट हिरवं, त्यावर पांढरे पट्टे, वर काटेरी देठ.

जलरंगात पांढरा पट्टा रंगवायचा नसतो, तेवढा कागद कोरा सोडायचा असतो. म्हणजे पहिला ब्रश टेकवण्याआधीच पट्टे कुठे येणार ते ठरलेलं हवं. हिरवा एकदा पट्ट्यावर गेला की ओल्या ब्रशने थोडाफार उचलता येतो, पण कागदाचा मूळ पांढरेपणा परत येत नाही. ताण हलका करायला बसलेल्या माणसाला हे सुरुवातीला जड जातं. माझे पहिले दोन महिने चिडचिडीतच गेले. त्यात आपल्या पिढीच्या हातात ती परीक्षा बसलेली असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, भिंतीवरचं घड्याळ. साठीतही हात घाई करतो.

पण एका पहाटे ओल्या कागदावर हिरव्याचा थेंब सोडला आणि तो आपोआप पसरत देठाच्या सावलीपर्यंत गेला. मी ब्रश वर धरून नुसती बघत राहिले. आतल्या खोलीत सासूबाई खोकत होत्या, ते ऐकू येत होतं, पण पोटात गोळा आला नाही. असे क्षण मला दुसऱ्या कुठल्याच रंगाने दिले नाहीत, म्हणून जलरंगावर माझा जीव आहे.

अडचण आपल्या उन्हाची आहे. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा रंगाचा थर कागदावर पसरेपर्यंत वाळतो आणि कडा करकरीत उमटतात. अशा दिवसांत पहाटेच बसावं, किंवा कूलरच्या खोलीत. तिथे हवा दमट असते, फक्त झोत कागदावर येऊ देऊ नका. आणि पैसे रंगांपेक्षा कागदावर घाला. शाळेच्या चित्रकलेच्या वहीत पाणी टाकलं की पान फुगतं. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद घ्या, जमलं तर पूर्ण कापसाचा. तो पाणी धरून ठेवतो. आपण कापसाच्या मुलखातले, तरी कापसाचा कागद मी पहिल्यांदा हातात घेतला तो पन्नाशी उलटल्यावर.

अ‍ॅक्रेलिकमध्ये तेच वांगं अगदी निवांत होतं. सगळं हिरवं रंगवा, वाळू द्या, वरून पांढरे पट्टे ओढा. पट्टा वाकडा गेला तर त्यावर परत हिरवा. चष्म्याचा नंबर वाढलेला असो, बोटं थोडी कापत असोत, हा रंग सांभाळून घेतो. पाण्यात कालवायचा, वासही फारसा नाही. वाळला की मात्र पाण्याने निघत नाही, म्हणून ब्रश पाण्यात बुडालेलाच ठेवायचा. विसरलात तर ब्रश गेला. उन्हाळ्यात रंग ताटलीतच घट्ट होतो. त्यावर उपाय म्हणजे स्टीलच्या पसरट डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतो. ओल्या थेंबाची ती जादू मात्र यात नाही.

तैलरंग खललेले असतात जवसाच्या तेलात, आपण चटणी करतो त्याच जवसाच्या. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं, म्हणून थर वाळायला दिवसच्या दिवस लागतात. वांगं सुकून जातं, चित्र ओलंच असतं. ज्याला रोज त्याच चित्राकडे परत जायला आवडतं त्याला यासारखं सुख नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रं वर्षानुवर्षं बसून कॅनव्हासवर तैलरंगात उतरवणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलची कबर आपल्या भुसावळातच आहे. १८७९ साली तो गेला. पण हे रंग पातळ करायला लागणाऱ्या टर्पेंटाइनच्या वासाला वेगळी, हवेशीर खोली हवी. घरात दम्याचं माणूस असेल तर नकोच. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा.

ताण खरंच उतरतो का, असंही नानांनी विचारलं होतं. २०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज यांतलं हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते उतरलं, कला आधी येत असो वा नसो. प्रयोग लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे याला औषध म्हणू नये. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, नाना. रंग त्याच्या जोडीला.

क्लास लावायचा की घरीच बसायचं, यावर माझं मत सरळ आहे. पहिले तीन महिने घरीच. क्लासमध्ये शेजारच्याचं चित्र दिसतं आणि परीक्षा परत सुरू होते.

आता तुमच्यापुरतं. तुम्ही पस्तीस वर्षं अशी नोकरी केलीत जिथे एक चूक परवडत नव्हती. म्हणून आधी अ‍ॅक्रेलिक घ्या, ज्यात चूक झाकता येते आणि झाकल्यावर कुणी जाब विचारत नाही. बारा ट्यूबचा साधा सेट, दोन चपटे ब्रश, एक गोल, ए-थ्री आकाराचा कॅनव्हास पॅड. छोटा कागद घेऊ नका, डोळ्यांना त्रास होतो. दिवाळीनंतर हवा थंडावली की जलरंग काढू. तैलरंगाचं वरची खोली रिकामी झाल्यावर बघू.

रविवारी सकाळी सात वाजता या. पॅड माझ्याकडे आहे, वांगं तेवढं येताना आणा.