तक्रार वळणाची, तपासणी सरळ रस्त्यावर

कोल्हापुरात महामार्गालगतच्या ज्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये माझी गाडी जाते, त्याला मी पाचपैकी दोन तारे देतेय. एक गाडी धुणाऱ्या पोरांना, कारण चिखलानं माखलेली गाडी ते खरोखर मनापासून धुतात. दुसरा वर्कशॉपमधल्या एका जुन्या मेकॅनिकला. काउंटरला शून्य. सेंटरचं नाव लिहीत नाही. सांगलीतली माझी मैत्रीण वेगळ्या कंपनीची गाडी चालवते आणि तिची कहाणी ऐकली तर काउंटर तेच, फक्त पाटी वेगळी.

गाडी पेट्रोलवरची, साधारण नऊ लाखांची. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. मी पशुवैद्यक आहे. पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर रोजचं फिरणं. त्यामुळे माझी वर्षं शिल्लक राहतात आणि किलोमीटर संपतात. वॉरंटीतला प्रत्येक वाया गेलेला महिना मला इतरांपेक्षा महाग पडतो, हे आधीच सांगून ठेवते.

तक्रार अशी होती. गोठ्यासमोरच्या अरुंद जागेत गाडी वळवताना स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की पुढच्या डाव्या चाकाच्या वरच्या अंगाला ‘टक्’ असा एकच आवाज यायचा. खडखड नाही, घरघर नाही. एकच टक्, आणि त्याचा झटका स्टेअरिंगवर हाताला जाणवायचा. दुसरं म्हणजे वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टेअरिंग आपसूक मध्यावर यायला हवं, ते येईनासं झालं होतं. आंबा घाटात प्रत्येक वळणानंतर ते हातानं ओढून सरळ करावं लागायचं. घाटात, पावसात, समोरून ट्रक येत असताना हे चालवून घेण्यासारखं नाही.

हे सगळं मी सर्व्हिस ॲडव्हायजरला, म्हणजे काउंटरवर तक्रार नोंदवून घेणाऱ्याला, सांगितलं. कधी येतो, कुठल्या बाजूनं येतो, किती वेगात येतो. त्यानं मान डोलावली, टॅबवर काहीतरी टाइप केलं आणि सहीचा चौकोन पुढे केला. टॅबवर गिऱ्हाइकाला तेवढा चौकोनच दिसतो, वर काय लिहिलंय ते दाखवायची पद्धत नाही. संध्याकाळी गाडी ताब्यात. “मॅडम, टेस्ट ड्राइव्ह घेतली, आवाज काही येत नाही. एकदम ओके आहे.” बाहेर पडताना गेटजवळ गाडी वळवली आणि टक्.

पुढच्या खेपांना उत्तरं बदलत गेली. आधी “या मॉडेलला थोडा येतोच”, मग “तुमच्याकडचे रस्ते खराब आहेत”. एकदा तर “सरांना घेऊन या ना एकदा, त्यांना विचारून बघतो.” गाडी माझ्या नावावर, चालवते मी, आवाज ऐकते मी. माझे यजमान बँकेत आहेत आणि ही गाडी त्यांनी क्वचितच चालवलीय. तरी दोषाचं निदान त्यांना विचारून होणार होतं. काउंटरवर उभ्या असलेल्या बाईचं म्हणणं निम्मंच ऐकायची ही सवय त्या मुलांना कुणी तरी मोडायला लावली पाहिजे, आणि ते काम मॅनेजरचं आहे.

दरम्यान आवाजाऐवजी बाकी पुष्कळ गोष्टींवर इलाज सुचवले गेले. अंडरबॉडी कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, ऑइलमध्ये टाकायची कसलीशी बाटली. वर १८ टक्के जीएसटी. कंपनीनं दिलेली पुस्तिका गाडीच्या कप्प्यात असते. त्यातल्या मेंटेनन्सच्या वेळापत्रकात यातलं एकही नाव नाही. मी ती पुस्तिका काउंटरवर उघडून ठेवली तेव्हा एस्टिमेट निम्म्याच्या खाली आलं. तुम्हीही उघडून ठेवा. वेळापत्रकातलं काम, तुम्ही स्वतः सांगितलेलं काम आणि त्यांनी ‘सुचवलेलं’ काम, या तीन गोष्टी बिलावर एकत्र मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायला सांगितलं की ते करतात.

शेवटी शिवाजी उद्यमनगरात गेले. तिथले एक मिस्त्री आमच्या दवाखान्याच्या जीपचं काम करतात. मी सांगायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं. “डॉक्टर, गाडी चालवू नका. जाग्यावरच स्टेअरिंग फिरवा.” पोऱ्याला स्टेअरिंगवर बसवलं, बॉनेट उघडलं आणि माझा हात धरून शॉकअपच्या वरच्या टोपीवर ठेवला. पोऱ्यानं स्टेअरिंग डावीकडे घेतलं. टोपीखाली काहीतरी आवळत गेल्याचं तळहाताला कळलं, आणि मग एकदम टक्. मग चाकाच्या आतून स्प्रिंगवर बोट टेकवायला लावलं. स्प्रिंग शॉकअपबरोबर फिरायला हवी. ती वरच्या टोकाला अडकून पीळ खात होती आणि पीळ जास्त झाला की उसळून जागेवर येत होती. “वरची बेअरिंग गेलीया. पाणी, धूळ शिरली आत. म्हणून तर स्टेअरिंग माघारी येत न्हाई.” म्हणजे माझ्या दोन तक्रारींचं कारण एकच होतं. पैसे घेतले नाहीत, नटाला पान्हाही लावला नाही. “मी खोलत न्हाई. तुमची वारंटी हाय, त्यास्नीच करू दे. पर दाखवताना जाग्यावर फिरवून दाखवा.”

मग मी सर्व्हिस सेंटरला ईमेल पाठवून जुन्या सगळ्या जॉबकार्डांच्या, म्हणजे काउंटरवर टाइप होणाऱ्या तक्रारीच्या नोंदींच्या, प्रती मागितल्या. दोनदा आठवण केल्यावर आल्या. एकावर होतं ‘फ्रंट नॉईज चेक’. दुसऱ्यावर ‘जनरल चेकअप’. ‘वळताना’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘डावीकडे’ नाही, ‘स्टेअरिंग परत येत नाही’ हे तर नाहीच नाही.

इथे मला खरा राग आला. मेकॅनिकच्या हातात जाऊन पडतं ते हे कार्ड. मी त्याला भेटत नाही, मला वर्कशॉपमध्ये जाऊ देत नाहीत, ‘सेफ्टीचं कारण’ म्हणून काचेच्या अलीकडे बसवतात. मेकॅनिकनं कार्ड वाचलं, पुढून आवाज येतो म्हणे. त्यानं गाडी सर्व्हिस रोडवर सरळ नेली, सरळ आणली, आवाज आला नाही, ‘ओके’ लिहिलं. त्याचं काय चुकलं? त्याला जे सांगितलं ते त्यानं तपासलं. माझी तक्रार काउंटरवर टाइप होतानाच मेली होती. माझ्याकडे शेतकरी येऊन सांगतो, “म्हैस रात्रीपासून रवंथ करत नाही, उजव्या कुशीवरच बसतीया.” मी केसपेपरवर ‘जनावर आजारी’ एवढंच लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येणारा डॉक्टर काय उपचार करेल? त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवणं हा उपचाराचा पहिला भाग आहे. इथे तोच भाग गाळला जातो, आणि बाकी सगळं काचेच्या भिंतीआड व्यवस्थित चालू राहतं.

पुढच्या खेपेला मी तक्रार कागदावर लिहूनच नेली. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, आवाज कधी, कुठून, इंजिन थंड असताना का गरम झाल्यावर, आणि ‘जागेवर स्टेअरिंग फिरवून तपासावे’. हे शब्द असेच जॉबकार्डवर यायला हवेत, प्रिंट काढून द्या, त्याशिवाय सही करणार नाही, असं सांगितलं. ॲडव्हायजर म्हणाला, सिस्टीममध्ये एवढी जागा नसते. मॅनेजरला बोलावल्यावर जागा निघाली. ‘वॉरंटीच्या मुदतीत तक्रार नोंदवली’ हेही लिहून घेतलं. मीटर तेव्हा नव्वद हजारांच्या पुढे होता आणि पार्ट यायला किती दिवस लागतील हे कुणीच सांगत नव्हतं. त्याच बैठकीत बाहेरच्या मिस्त्रींचा विषय निघाला तेव्हा मला सुनावलं गेलं, “बाहेर दाखवलंत तर वॉरंटी जाते हां मॅडम.”

हे वाक्य बऱ्याच जणांना ऐकवलं जातं, म्हणून सविस्तर लिहिते. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यातला मुख्य ठपका. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये असंही आयोगानं त्या आदेशात बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, ती लढाई वेगळी. बाहेरच्या माणसानं एखादा भाग बिघडवला तर त्या भागाची वॉरंटी नाकारणं समजू शकते. पण मिस्त्रीनं टोपीवर हात ठेवला म्हणून गाडीची वॉरंटी जात नाही. मी तसं म्हटलं, आणि “हे तुम्ही लिहून द्याल का?” एवढंच विचारलं. विषय तिथेच थांबला.

मग तो जुना मेकॅनिक बाहेर आला. गाडीत बसला, जागेवर स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, टक् ऐकलं आणि दार उघडायच्या आत म्हणाला, “टॉप माउंटची बेअरिंग.” म्हणजे शॉकअपच्या वरच्या टोपीतली, मिस्त्रींनी सांगितलेलीच. एवढंच काम होतं. इतके महिने ज्या माणसाला मी भेटायला हवं होतं, तो माझ्यापासून एका काचेच्या अंतरावर होता.

तरी अजून एक फाटा फुटला. ॲडव्हायजरचं म्हणणं, माउंटिंग हा रबर पार्ट, रबर वॉरंटीत येत नाही. पुस्तिका पुन्हा बाहेर काढली. झीज होणाऱ्या भागांची यादी त्यात आहे: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचे ब्लेड, फिल्टर, रबरी बुश. बेअरिंग त्यात नाही. मॅनेजरनं यादी वाचली, फोटो आणि व्हिडिओ काढून कंपनीकडे क्लेम टाकला आणि तो मंजूर झाला. पार्ट बॅक ऑर्डरला होता, म्हणजे मागवलेला पण शिल्लक नसलेला. तो येईपर्यंत स्टेअरिंग हातानं ओढतच मी फिरले.

त्या मेकॅनिकला नंतर मी विचारलं की ही टाळाटाळ का. तो मोकळेपणानं बोलला. ॲडव्हायजरला महिन्याचं टार्गेट असतं, गाड्या किती आणि दर गाडीमागे बिल किती. वॉरंटीच्या कामात गिऱ्हाइकाचं बिल शून्य. मजुरी कंपनी देते, ती तिनं ठरवलेल्या दरानं, आणि दोष शोधण्यात गेलेला वेळ त्यात फारसा धरलेला नसतो. क्लेम नंतर फेटाळला गेला तर पार्टचे पैसे डीलरच्या अंगावर. म्हणजे वॉरंटीचं काम म्हणजे वेळ जाणार, पैसा कमी आणि धोका जास्त. तो ॲडव्हायजर काही वाईट मुलगा नाही, पंचविशीचा, दिवसभर उभा असतो. पण वॉरंटीचे पैसे गाडीच्या किमतीतून मी आधीच भरलेले आहेत. कंपनी आणि डीलरमधला हिशेब त्यांनी आपसात मिटवायचा, माझ्या स्टेअरिंगवर नाही.

काम झाल्यावर ॲडव्हायजर म्हणाला, “मॅडम, कंपनीकडून फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आम्हाला नापासच धरतात.” मी चार दिले आणि कारण सांगितलं: तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत लिहीत नाहीत. फोनवरच्या मुलीनं विचारलं, “म्हणजे सर्व्हिसमध्ये विलंब, असं टाकू का?” मी म्हटलं, नाही, मी म्हणाले तसंच लिहा. तिच्याकडेही तेवढी जागा नव्हती.

अशाच चक्रात कुणी अडकलं असेल तर: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात जाता येतं, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. पाच ते दहा लाखांच्या वस्तूसाठी शुल्क २०० रुपये, पाच लाखांपर्यंत काहीच नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पण हेल्पलाइन असो की आयोग, पहिला प्रश्न हाच येणार की तक्रार केव्हा केली, कागद दाखवा. जॉबकार्डवर ‘जनरल चेकअप’ असेल तर तुमचे ते महिने धरले जाणार नाहीत. म्हणून सही करण्याआधी टॅब स्वतःच्या हातात घ्या आणि वाचा.

आवाज गेला. स्टेअरिंग आपसूक मध्यावर येतं. उजव्या बाजूची बेअरिंगही तपासायला लावली, ती ठीक आहे, आणि तसं कार्डवर लिहून घेतलं आहे. एक गोष्ट बाकी आहे. शॉकअप उतरवून बसवलं की व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, पण त्याचे पैसे माझ्याकडून घेतले, ‘अलाइनमेंट वॉरंटीत येत नाही’ म्हणून. ते काम वॉरंटीच्या दुरुस्तीमुळेच निघालं, तर त्याचा खर्च त्याच क्लेममध्ये जायला हवा. कंपनीच्या कस्टमर केअरला बिल जोडून ईमेल केली आहे. उत्तर आलं की या रिव्ह्यूत भर घालेन, तोवर तारे दोनच.