मोठ्या अक्षरांचे मराठी पवित्र शास्त्र : घर बदललेल्या वर्षातील वापरानंतरचा अभिप्राय

मोठ्या अक्षरांतील मराठी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, ही प्रत मी गेल्या वर्षी सासूबाईंसाठी घेतली, पण वर्षभरात तिचा अधिक वापर मीच केला; म्हणून हा अभिप्राय दोघींच्या वतीने आहे असे समजावे. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे, आणि जुन्या प्रतीतील बारीक ओळी त्या भिंगातून वाचत असत. नव्या प्रतीसाठी भिंग लागत नाही, चष्मा पुरतो.

घेण्याचे निमित्त मात्र डोळ्यांचे नव्हते. यजमान जालन्यातील ज्या लोखंडाच्या कारखान्यात एकोणीस वर्षे होते तो बंद पडला. त्यांना वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर काम मिळाले, मी खासगी दवाखान्यातील परिचारिकेची नोकरी सोडली, मुलगा दहावीत गेला आणि आम्ही छत्रपती संभाजीनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. अंतर साठ किलोमीटरांचेच आहे, पण लग्नानंतर सासूबाईंचा पत्ता कधी बदललेला नव्हता, आणि सासऱ्यांची कबर जालन्यातच राहिली. सामान बांधताना त्यांची जुनी प्रत पाठीत उसवली आणि स्तोत्रसंहितेची पाने टेम्पोच्या हौद्यात विखुरली. त्या दिवशी त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

पहिली प्रत मी ऑनलाइन मागवली आणि फसले. तिच्यात स्तोत्रसंहितेची काही पाने दोनदा शिवलेली होती आणि उपदेशक हे पुस्तक अर्ध्यावर तुटून पुढे एकदम गीतरत्न सुरू होत होते. विक्रेत्याने पैसे परत केले, पण तीन आठवडे गेले. दुसरी प्रत चर्चच्या आवारातील लहान दुकानातून, चारी बाजूंनी चाळून घेतली. असा ग्रंथ हातात घेऊन, निदान उत्पत्ती, स्तोत्रसंहिता आणि प्रकटीकरण या तीन ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. वजन बरेच आहे. मांडीवर घेऊन अर्ध्या तासाच्या वर वाचता येत नाही, त्यामुळे आम्ही उशीवर ठेवून वाचतो. शिलाई पक्की आहे आणि पुस्तक मध्ये उघडले की सपाट पडते. खुणेची फीत आखूड असल्यामुळे ती खालच्या कडेपर्यंत पोहोचत नाही.

या प्रतीत सुरुवातीला ‘प्रसंगानुसार वचने’ असे दोन पानांचे कोष्टक आहे: आजारात हे वाचा, शोकात हे वाचा, चिंतेत हे वाचा. दुकानदार हेच कोष्टक उघडून दाखवतात, आणि माझ्या मते ते या प्रतीचे सर्वांत दुबळे अंग आहे. चिंतेच्या रकान्यात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९:११ दिलेले आहे. हेच वचन फुलांच्या चित्रावर छापून रोज सकाळी आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावरही येते: देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. यजमानांच्या प्रोबेशनच्या तिसऱ्या महिन्यात, पर्यवेक्षकाने त्यांना पुढील महिन्याचे काही सांगता येत नाही असे म्हटल्यानंतर, मी रात्री ते वचन काढले. अक्षरे मोठी असल्यामुळे एका पानावर मजकूर थोडा बसतो, आणि नजर साहजिकच वरच्या ओळीवर गेली. अकराव्या वचनाच्या आधी दहावे आहे, आणि त्यात परतण्याआधी सत्तर वर्षे आहेत.

मग पूर्ण अध्याय वाचला आणि त्याच्या आधीचाही वाचला. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने बंदी करून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेले ते पत्र आहे. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व पूर्ववत होईल असे सांगतो आणि लोकांना ते ऐकायला आवडते. यिर्मया सांगतो की घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हे वाचेपर्यंत माझी प्रार्थना जालन्याला परत जाण्याची होती, आणि तिला मी विश्वास समजत होते. दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला तिचे नाव विचारले. इतके दिवस एका जिन्याने वर-खाली करूनही ते विचारलेले नव्हते. कोष्टकाने मला हे दिले नसते. त्या कोष्टकात, परमेश्वराला ‘कोठवर’ असे विचारणारे तेरावे स्तोत्रही नाही. चिंतेत असलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याची मुभा आहे हे संपादकांना बहुधा सुचले नसावे.

भाषांतराविषयी मतभेद होतील. ही भाषा जुन्या वळणाची आहे. ‘ह्यास्तव’, ‘ठायी’ असे शब्द माझ्या मुलाला अडतात आणि तो फोनवरील सोपे भाषांतर वाचतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याचा खटाटोप सामान्य स्त्रियांना कळावे म्हणूनच केला होता, तेव्हा मुलाची तक्रार नवी नाही. तरीही काही ठिकाणी जुना शब्दच अधिक पोहोचतो. फिलिप्पैकरांस पत्रातील चौथ्या अध्यायात, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका असे सांगितल्यावर, देवाने दिलेली शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ख्रिस्त येशूच्या ठायी ‘राखील’ असे म्हटले आहे. मूळ ग्रीक क्रियापद शिपायांच्या पहाऱ्याचे आहे, आणि पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतः बंदीत असताना ते लिहितो. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला मात्र ‘राखील’ म्हटले की ज्वारीची राखण आठवते. माझे वडील हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर गोफण घेऊन बसत. पाखरे यायची थांबत नसत, दिवसातून शंभर वेळा येत, आणि वडील उठून पुन्हा गोफण फिरवत. रात्री दोन वाजता घरभाड्याचा हिशोब मनात येतो तेव्हा माझा विश्वास उणा आहे असे आता मला वाटत नाही. पाखरू आले आहे, इतकेच.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायावर मात्र आम्हां दोघींचे एकमत झालेले नाही. रानातल्या प्रवासात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, रोजचा रोज, माणशी एक ओमर या मापाने मिळत असे, आणि दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडून त्याला घाण सुटत असे. २०१३च्या दुष्काळात जालन्यात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येत असे, आणि आमच्या घरात ड्रम, कळशा, पातेली, शेवटी मुलाची अंघोळीची बादलीसुद्धा भरून ठेवलेली असे. साठवण न करणारे घर आमच्याकडे निष्काळजी समजले जाते, आणि ते योग्यच आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, म्हणून पगारातून आवर्ती ठेव उघडण्याची माझी घाई अविश्वासाची आहे. मी त्यांना निर्गमाच्या त्याच अध्यायातील सहावा दिवस दाखवला: त्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितले होते आणि ते नासले नाही. योसेफाने राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगून सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशात पाचवा हिस्सा साठवला, हेही वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “योसेफाला स्वप्नाचा अर्थ देवाने सांगितला होता, तुला बँकेतल्या माणसाने सांगितला.” ठेव मी उघडली. त्यांचे वाक्य मात्र मला खोडता आलेले नाही.

बेथेलची गोष्ट त्यांना पाठच आहे, तरी मोठ्या अक्षरांत ती त्यांनी पुन्हा वाचली. १८४३ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांसाठी वस्ती वसवली आणि तिचे नाव बेथेल ठेवले, म्हणजे देवाचे घर. सासूबाईंचे माहेर त्याच बाजूचे. उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात याकोब घर सोडून हारानकडे पळत असताना उशाशी धोंडा घेऊन झोपतो आणि देव त्याला त्या उघड्या माळावर भेटतो, पोहोचायच्या ठिकाणी नव्हे; त्याच जागेला तो बेथेल नाव देतो. उठल्यावर तो जे मागतो ते फार थोडे आहे: वाटेत सांभाळ, खायला अन्न, ल्यायला वस्त्र आणि बापाच्या घरी सुखरूप परत येणे. सासूबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून मला हाक मारली आणि विचारले, “अगं, याने नोकरी पक्की व्हावी असं कुठं मागितलंय?” तोपर्यंत यजमानांची नोकरी पक्की झालेली नव्हती, पुढे ती झाली, पण पगार जालन्यापेक्षा कमी आहे.

खरेदी करणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते. शेवटचे नकाशे फिकट छापलेले आहेत आणि त्यांवरील नावे मोठ्या अक्षरांच्या प्रतीत असूनही बारीक आहेत, त्यामुळे पौलाचे प्रवास भिंगातूनच पाहावे लागतात. समासात संदर्भवचने नाहीत. अभ्यासासाठी हवे असल्यास ही प्रत घेऊ नये. चेनचे आवरण वेगळे घ्यावे लागते आणि ते अवश्य घ्यावे. प्रवासात नेण्याजोगे हे पुस्तक नाही, तेथे फोन बरा. घरात वयस्कर माणूस असेल आणि संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत त्याने स्वतः वाचावे असे वाटत असेल, तर पैसे वसूल होतात.

कागद पातळ आहे आणि बॉलपेनची शाई मागच्या पानावर उमटते. जुना व नवा करार यांच्यामध्ये कुटुंबाच्या नोंदीची चार पाने आहेत: जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. सासऱ्यांची तारीख मी जुन्या प्रतीवरून पेनने उतरवली आणि ती पलीकडे दिसू लागली. पत्त्यासाठी रकानाच नाही. नवा पत्ता सासूबाईंनी कोऱ्या पानावर मला पेन्सिलीनेच लिहायला लावला, कारण घरमालकाशी झालेला करार अकरा महिन्यांचा आहे.