आयडी फॅनच्या शाफ्टसाठी प्रीपोमॅक्स: पूर्ण एक हंगाम वापरल्यावर

आधी हे सांगतो की आयडी फॅनच्या, म्हणजे बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याच्या, शाफ्टसाठी मी प्रीपोमॅक्ससारखं फुकटातलं ॲनालिसिस सॉफ्टवेअर (स्ट्रेस आणि व्हायब्रेशन काढणारं) शोधायला का गेलो. आमच्या पेड सॉफ्टवेअरच्या डीलरने एएमसी रिन्यूअलचं कोटेशन पाठवलं, त्यात मागच्या वर्षी भरलं नाही म्हणून तेही पैसे, वर लेट फी. अरे, मागच्या वेळी फोन केला तेव्हा 'तिकीट रेज करा'च्या पुढे गाडी सरकली नव्हती, आणि आता लेट फी? तिथेच ठरवलं, बास.

प्रीपोमॅक्स मारिबोर विद्यापीठातलं, आतला सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) कॅल्क्युलिक्स, म्हणजे म्युनिकच्या एमटीयू एरो इंजिन्सच्या दोघांनी बनवलेला. जेट इंजिनवाल्यांचं चालतं तर साखर कारखान्याच्या बॉयलर फॅनला न चालायला काय झालं, असा माझा सरळ हिशोब.

केस अशी: इंपेलर (पात्यांचं चाक) २५० किलो, ओव्हरहंग म्हणजे बेअरिंगच्या बाहेर लटकलेला, शाफ्ट ९५ मिमी ईएन-८ स्टीलचा, दोन प्लमर ब्लॉक (बेअरिंगची घरं) ८०० मिमी अंतरावर, इंपेलर पुढच्या बेअरिंगपासून ३५० मिमी बाहेर, स्पीड १४८० आरपीएम. स्टेप फाईल (३डी ड्रॉइंग) टाकली, मेश (मॉडेलचे बारीक तुकडे) झाली, स्टॅटिक रन चहा येईपर्यंत संपला. स्ट्रेस बघून हसू येतं. बेंडिंगचा १० एमपीएच्या आसपास, शोल्डरच्या (जाडी बदलते तिथल्या) रेडियसला दुप्पट धरा. पार्टी लगेच विचारते, मग शाफ्ट एवढा जाड कशाला, ८० चा करा की, मटेरियल वाचेल. तर बाबांनो, फॅनच्या शाफ्टचा डायमीटर ताकदीवर ठरत नाही, क्रिटिकल स्पीडवर ठरतो, म्हणजे ज्या स्पीडला शाफ्ट स्वतःच्या फ्रिक्वेन्सीशी जुळून जोरात हलतो त्यावर. (कीवेच्या, म्हणजे चावी बसते त्या खाचेच्या, कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याला घाबरू नका, मॉडेलमध्ये कोपरा धारदार ठेवलाय तोवर मेश जेवढी बारीक कराल तेवढा तो आकडा वाढतच जाणार. रेडियस द्या, मग बघा.)

खरी गंमत व्हायब्रेशनमध्ये. बेअरिंग सीट फिक्स धरली तर पहिली फ्रिक्वेन्सी साडेबेचाळीस हर्ट्झ, म्हणजे २५५० आरपीएम, सगळे खूश. पण प्लमर ब्लॉक बसलाय चॅनेलच्या बेसवर, तो काय फिक्स असतो होय? सीटला स्प्रिंग दिली, बेअरिंग आणि बेस मिळून ४० हजार न्यूटन प्रति मिमी, तर थेट ३० हर्ट्झ, १८०० आरपीएम. १४८० पासून मार्जिन वीस-बावीस टक्के उरलं. शाफ्ट तोच, इंपेलर तोच. जो कोणी बेअरिंग फिक्स धरून रिपोर्ट देतो त्याला पुढचा ॲडव्हान्स देऊ नका.

आता माझं मुख्य दुखणं, लेजेंड, म्हणजे स्क्रीनवरची रंग-आकड्यांची पट्टी. मोड शेपचा (त्या फ्रिक्वेन्सीला शाफ्ट कसा वाकतो त्या आकाराचा) रिझल्ट उघडला की इंपेलरच्या टोकाला २ आकडा दिसतो, आणि शाफ्ट स्क्रीनवर धनुष्यासारखा वाकलेला. तो आकडा मिमी नाहीये, सॉल्व्हर मोडला मास-नॉर्मलाइज करतो, मॉडेल टनात असतं, हलणारं वस्तुमान पाव टन, एक भागिले त्याचं वर्गमूळ म्हणजे दोन. प्रत्यक्ष हलण्याशी काडीचा संबंध नाही, फक्त आकार बघायचा. पण कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्यांना रिपोर्ट पाठवला आणि संध्याकाळी फोन, "साहेब, शाफ्ट दोन मिमी नाचणार? इनलेट कोनला घासेल की!" त्यांना समजवण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात अजून एक मॉडेल झालं असतं. फ्रिक्वेन्सी स्टेपला मोठ्या अक्षरात 'हे मिमी नाही' लिहायला काय जातं?

इथपर्यंत लिहून ठेवलेलं तेव्हा मी तीन स्टार देणार होतो, कारण जायरोस्कोपिकची (फिरत्या चाकामुळे फ्रिक्वेन्सी बदलते त्याची) सोय नाही अशी माझी समजूत होती, आणि ओव्हरहंग इंपेलरला ते सोडून चालत नाही. सोय आहे. फ्रिक्वेन्सी स्टेपला स्टोरेज चालू करायचं, मग कीवर्ड एडिटरमधून कॉम्प्लेक्स फ्रिक्वेन्सी, कोरिऑलिस. सेंट्रिफ लोडमध्ये स्पीडचा वर्ग लागतो, १४८० म्हणजे १५५ रेडियन प्रति सेकंद, तर टाकायचे २४,०२०. आकडे फिरत्या चौकटीतले येतात, जमिनीवर मोजलेल्याशी जुळवायचे तर फिरण्याची फ्रिक्वेन्सी मिळवावी किंवा वजा करावी लागते, आणि दर स्पीडला वेगळा रन, कॅम्पबेल डायग्राम (स्पीडप्रमाणे फ्रिक्वेन्सी कशा बदलतात त्याचा आलेख) मग एक्सेलमध्ये काढा. कटकट आहे, पण होतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी फॅन बंद असताना व्हायब्रेशनवाल्याला बोलवून बंप टेस्ट करून घेतली, रबरी हातोडा इंपेलरच्या हबवर. पीक २९ हर्ट्झला. माझे ३०. त्या डीलरच्या कोटेशनवर त्याच दिवशी 'नको' कळवलं. पुढे पूर्ण गाळप चाललं, बेअरिंगवर व्हायब्रेशनचं रीडिंग ३ मिमी प्रति सेकंदाच्या वर गेलं नाही, अर्थात त्यात बॅलन्सिंगवाल्याचा वाटा मोठा.

चार स्टार. पाचवा लेजेंडने खाल्ला. रिपोर्टात आता मोड शेपचा फोटो डावीकडची पट्टी कापूनच टाकतो, फोन बंद झालेत.