उन्हातील सराव आणि रक्तातील क्षार: साधे पाणी, ताक, नारळपाणी की ओआरएस?

चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तरी पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आणि कबड्डीचे संघ मैदान सोडत नाहीत. रक्तातील सोडियम, म्हणजे मिठातून मिळणारा क्षार, लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल (क्षाराचे प्रमाण मोजण्याचे एकक) आणि पोटॅशियम सुमारे ३.५ ते ५ मिलीमोल राहिले, तरच नसा व स्नायू नीट चालतात. घामावाटे जाते ते मुख्यतः सोडियम. पोटॅशियम त्या मानाने फारच थोडे, आणि निवड करताना हीच बाब निर्णायक ठरते.

भरतीतील १६०० मीटरची धाव काही मिनिटांत संपते. तिच्यासाठी कोणतीही पावडर लागत नाही. पहाटेच्या तासाभराच्या सरावालाही साधे पाणी आणि नंतरचे रोजचे जेवण पुरते. मात्र भर उन्हात दोन-तीन तास खेळून, तहान नसतानाही नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते.

नारळपाण्याचा बोलबाला मोठा असला, तरी त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. म्हणजे जे गेले ते सोडून दुसरेच भरून येते, आणि आपल्याकडे ते महागही पडते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनलेल्या ओआरएसमध्ये लिटरमागे सोडियम ७५, पोटॅशियम २० आणि ग्लुकोज ७५ मिलीमोल असते, आणि ग्लुकोजच्या सोबतीने आतडे सोडियम व पाणी लवकर ओढून घेते. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात घोळवण्याची सवय मात्र घातक आहे. मूळचे हे जुलाबावरचे औषध. रोजच्या सरावाला मीठ घातलेले पातळ ताक किंवा मीठ-साखरेचे लिंबूपाणी माझ्या मते अधिक सोयीचे.

गडद बनियनवर वाळल्यानंतर पांढरे पट्टे उमटणाऱ्या खेळाडूचा घाम खारट असतो. त्याने मिठाकडे जास्त लक्ष द्यावे. सरावाआधी आणि नंतर वजन करावे: एक किलो घटले, तर साधारण लिटरभर पाणी गेले, वजन उलट वाढले असेल, तर पिणे जास्त झाले. उन्हात खेळताना कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला झटके आले, तर त्याला काहीही पाजू नये. सावलीत नेऊन, अंग भिजवून, वारा घालत थेट रुग्णालयात न्यावे, कारण सोडियम उतरले की उष्माघात झाला, हे मैदानावर ओळखता येत नाही.